ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर इंटरसेप्ट शोधायला मुलांना कसं शिकवायचं: आधी पेन्सिल, मग विंडो, मग बटणं

अकरावीच्या आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, एक आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) मुलांना मी पहिल्यांदा ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर आलेख काढून दाखवणारा कॅल्क्युलेटर, शिकवला तेव्हा फळ्यावर बटणांची यादीच लिहून दिली होती. हे दाबा, मग हे दाबा, आलं उत्तर. मुलांनी वहीत उतरवून घेतली, सगळे खूश. पुढच्या आठवड्यात टेस्टला मी य = क्ष² − २५क्ष + १०० दिलं आणि दोन्ही अक्षांवरचे इंटरसेप्ट, म्हणजे आलेख अक्षांना छेदतो त्या जागा, विचारले, तर अर्ध्याहून जास्त वर्गाने लिहिलं "क्ष = ५" आणि पुढे काहीच नाही. २० हे दुसरं उत्तर गायब, आणि य अक्षावरचा १०० पण गायब. बटणं सगळ्यांनी बरोबर दाबली होती, पण स्क्रीनवर जेवढं दिसलं तेवढंच खरं असं धरून चालले होते.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आता पहिले वीस-पंचवीस मिनिटं कॅल्क्युलेटर बॅगेतच राहतो. खाली जे लिहितेय ते शाळेतल्या शिक्षकांसाठी आहे, घरी मुलांना बसवून शिकवणाऱ्या आईबाबांसाठी पण आहे, कारण न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या मुलांच्या हातात हायस्कूलमध्येच टीआय-८४ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर येतो आणि आईबाबांनी तो कधी बघितलेलाच नसतो. आपल्याकडे बोर्डाच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटरच नाही, त्यामुळे आपली सवय वेगळी. पण ती सवय इथे फार उपयोगी पडते, ते पुढे सांगते.

एक गोष्ट आधीच, मी इथे क्ष आणि य लिहितेय, कॅल्क्युलेटरवर तेच एक्स आणि वाय म्हणून दिसतील.

कॅल्क्युलेटर बॅगेत असताना

इंटरसेप्ट म्हणजे आलेख अक्षाला जिथे छेदतो ती जागा, एवढं मुलं पटकन सांगतात. पण "य अक्षावर छेदतो तिथे कोण शून्य असतं?" असं विचारलं की निम्मी मुलं "य" म्हणतात. साहजिक आहे, य चा इंटरसेप्ट म्हटल्यावर य च शून्य वाटतो. म्हणून मी मुलांना फळ्यापाशी बोलावून अक्षावर बोट ठेवायला लावते. य अक्षावर बोट वरखाली फिरव, आता डावीउजवीकडे किती सरकलास? अजिबात नाही. म्हणजे क्ष शून्य. मग आडव्या अक्षावर तसंच. हे दोन मिनिटांत होतं आणि पुढचा सगळा लेख यावर उभा आहे: य चा इंटरसेप्ट हवा तर क्ष = ० घाल, क्ष चा हवा तर य = ० घाल.

ज्यांनी दहावी स्टेट बोर्डातून केलीय त्यांना हे हाताने येतंच. "दोन चलांतील रेषीय समीकरणे" या धड्यात आपण तक्ता करतो, क्ष ० घेतला तर य किती, य ० घेतला तर क्ष किती, दोन बिंदू जोडले की रेषा. ते दोन बिंदू म्हणजेच इंटरसेप्ट, फक्त तेव्हा कोणी ते नाव ठसवलेलं नसतं. मुलांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो, नवीन काही नाहीये म्हणून.

मग तीन समीकरणं देते आणि प्रत्येकासाठी वहीत एक ओळ लिहायला लावते, "मला काय दिसेल असं वाटतंय":

२क्ष + ३य = १२. इथे दोन्ही इंटरसेप्ट तोंडी येतात, ६ आणि ४.

य = क्ष² − ४क्ष + ३. य चा इंटरसेप्ट ३, कारण क्ष शून्य केला की शेवटची संख्याच उरते. क्ष चे १ आणि ३, अवयव पाडून.

य = २ चा क्ष वा घात, वजा ५. य चा इंटरसेप्ट १ − ५ म्हणजे −४. क्ष चा? इथे गाडी अडते, अडायलाच हवी. २ चा वर्ग ४, घन ८, मग ५ यायला क्ष दोन आणि तीनच्या मध्ये, दोनच्या जवळ. एवढं पुरे. इथे मुलांना पहिल्यांदा कॅल्क्युलेटरची खरी गरज वाटते, आणि गरज वाटल्यावर हातात दिलेलं यंत्र आणि वेळापत्रकात आहे म्हणून दिलेलं यंत्र यात खूप फरक पडतो.

आता बाहेर काढा, पण पहिला धडा विंडोचा

मी टीआय-८४ प्लस धरून सांगते कारण तोच सगळ्यात जास्त दिसतो, कॅसिओ आणि डेस्मॉस (इंटरनेटवरचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर) यांचं खाली आहे. विंडो म्हणजे अक्षांचा जेवढा भाग स्क्रीनवर दिसतो तेवढा.

वाय-इक्वल्स बटण दाबून समीकरण टाकायचं. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. वरच्या ओळीत प्लॉट१, प्लॉट२, प्लॉट३ असतात, त्यातला एखादा काळा झालेला असेल तर तो चालू आहे, बाणाने तिथे जाऊन एंटर दाबून बंद करा, नाहीतर ग्राफ काढताना भलताच एरर येतो आणि मूल समीकरणात चूक शोधत बसतं. दुसरं, वजाची दोन बटणं आहेत. एक वजाबाकीचं, उजव्या कडेला, आणि एक कंसात वजा असलेलं, खाली एंटरच्या शेजारी, ते ऋण संख्येसाठी. −क्ष + ४ टाकताना सुरुवातीला वजाबाकीचं दाबलं की सिंटॅक्स एरर येणार. वर्गात पहिल्या दिवशी येणाऱ्या "मॅम, माझा बिघडलाय" मधले बरेचसे हेच असतात.

२क्ष + ३य = १२ हे तसंच्या तसं टाकता येत नाही, य एकटा करावा लागतो, म्हणून (१२ − २क्ष) ÷ ३, कंसासकट. मुलांना हे ओझं वाटतं पण ही चांगली प्रॅक्टिस आहे, करू द्या.

मग झूम दाबून ६, म्हणजे झूम स्टँडर्ड. यात दोन्ही अक्ष −१० ते १० असतात. सगळं पाठ करणारी मुलं इथेच थांबतात, आणि इथेच मी ते क्ष² − २५क्ष + १०० मुद्दाम टाकायला लावते. स्क्रीनवर काय येतं तर वरून खाली येणारी एक जवळजवळ सरळ उभी रेघ, ५ वर अक्ष कापून खाली पळून गेलेली. मग विचारायचं, हे वर्गसमीकरण आहे ना, मग वाटीसारखा आकार कुठे गेला? क्ष शून्य असताना य १०० यायला हवा, तो कुठेय? मुलं स्वतःच म्हणतात की वर बाहेर गेला. बरं, मग विंडो कुठपर्यंत न्यावी लागेल? त्यांनाच ठरवू द्या. कोणीतरी क्ष −५ ते ३० म्हणतं, य ० ते १२० म्हणतं, मग वाटीचा तळ कापला जातो, मग य −६० पर्यंत खाली नेतात (तळ क्ष = १२.५ ला आहे आणि तिथे य −५६.२५ आहे, हे नंतर त्यांना काढायला सांगा). अख्खी वाटी स्क्रीनवर आली की वर्गात जो आवाज होतो ना, त्यासाठी मी हा तास जपून ठेवते.

विंडो बटणात आकडे हाताने भरायचे. झूम शून्य दाबला की कॅल्क्युलेटर उभा अक्ष स्वतः बसवतो, पण ते मी पहिल्या तासाला सांगत नाही, आडवा अक्ष किती हवा हे तरी त्यांनाच ठरवावं लागतं आणि तो विचार आधी व्हायला हवा.

याच्या उलटं उदाहरण पण द्या: क्ष² − ४.१क्ष + ४.२. स्टँडर्ड विंडोमध्ये हे २ च्या आसपास अक्षाला नुसतं टेकल्यासारखं दिसतं. मुलं लिहितात एकच उत्तर. आता क्ष १.९ ते २.२ आणि य −०.०१ ते ०.०१ करा, चक्क दोन ठिकाणी कापतंय, २ आणि २.१ ला. एकदा बाहेर जाऊन बघायचं, एकदा आत जाऊन बघायचं, हे या दोन उदाहरणांनी कायमचं बसतं.

ट्रेस का नको

मुलांना ट्रेस आवडतो, बाण दाबत कर्सर रेषेवर फिरवायला मजा येते. मग ते अक्षाजवळ थांबतात आणि खाली दिसणारा आकडा लिहितात. य = २क्ष − ६ घ्या. जुन्या काळ्यापांढऱ्या टीआय-८४ प्लसवर स्टँडर्ड विंडोमध्ये ट्रेस केला तर कर्सर २.९७८७ वर येतो, तिथे य −०.०४ च्या आसपास, आणि पुढच्या दाबाला थेट ३.१९ वर उडी. ३ कधी येतच नाही! कारण स्क्रीनला आडवे ९५ ठिपके आहेत आणि २० एककं त्या ९४ पावलांत वाटली जातात, एक पाऊल ०.२१२७ चं. मुलाने २.९८ लिहिलं तर ते यंत्राचं पाऊल लिहिलंय, समीकरणाचं उत्तर नाही लिहिलेलं. हे फळ्यावर भागाकार करून दाखवलं की पटतं. ट्रेस जागा दाखवायला ठीक आहे, उत्तर लिहायला नाही.

य चा इंटरसेप्ट

हे पटकन होतं. सेकंड दाबून ट्रेस, कॅल्कचा मेनू उघडतो. १ नंबरला व्हॅल्यू. ० टाइप करून एंटर. खाली य दिसतो. एवढंच. फक्त शून्य तुमच्या विंडोच्या आत असायला हवं, कोणी क्ष १ पासून सुरू केला असेल तर एरर येईल. आणि वहीतल्या अंदाजाशी लगेच जुळवायचं, बहुपदी असेल तर शेवटची संख्याच यायला हवी, न आल्यास टाइप करताना चुकलंय.

क्ष चा इंटरसेप्ट, म्हणजे झीरो

तोच मेनू, २ नंबरला झीरो. आता यंत्र तीन प्रश्न विचारतं आणि मुलं तिन्हीला नुसतं एंटर एंटर एंटर करतात. इथे थांबा.

लेफ्ट बाउंड म्हणजे उत्तराच्या डावीकडची कुठलीही जागा. राइट बाउंड उजवीकडची. गेस म्हणजे साधारण कुठे. बाणाने जायची गरज नाही, थेट संख्या टाइप करता येते, आणि मी तेच करायला लावते, कारण संख्या टाइप करायची तर आधी अंदाज हवा. क्ष² − ४क्ष + ३ मधलं १ हवंय तर लेफ्टला ०, राइटला २, गेसला १ च्या आसपास काहीही. ३ हवंय तर २ आणि ४. प्रत्येक उत्तरासाठी सगळं पुन्हा करायचं, एका वेळी एकच मिळतं.

काही मुलं ० आणि ५ टाकतात, म्हणजे दोन्ही उत्तरं एकदम यावीत म्हणून. मग यंत्र कधीकधी म्हणतं नो साइन चेंज, म्हणजे चिन्ह बदललेलं नाही. हा एरर म्हणजे माझ्या मते या कॅल्क्युलेटरने दिलेली सगळ्यात चांगली शिकवणी आहे, घाईने क्लिअर करू नका. क्ष = ० ला य किती? ३. क्ष = ५ ला? ८. दोन्ही धन. यंत्र म्हणतंय की बाबा, एका टोकाला तू जमिनीच्या वर आहेस, दुसऱ्या टोकाला पण वरच आहेस, मध्ये तू अक्ष ओलांडलास याचा पुरावा मला दे. आता ० आणि २ घे, इकडे ३, तिकडे −१. एक वर, एक खाली, म्हणजे मध्ये कुठेतरी ओलांडलंच असणार, रेषा तुटलेली नसेल तर. पुढे कॅल्क्युलसमध्ये हेच मोठं नाव घेऊन येतं, तेव्हा ही मुलं बिचकत नाहीत.

मग लगेच विचारायचं, क्ष² − ६क्ष + ९ चं काय होईल? हे ३ ला नुसतं टेकतं, ओलांडतच नाही, दोन्हीकडे वरच. अशा वेळी झीरोवर विसंबू नका, ३ नंबरचा मिनिमम वापरा आणि य शून्य येतो का बघा. क्ष² − २क्ष + ३ ला तर मिनिममच २ आहे, अक्षाला शिवतच नाही, तिथे "इंटरसेप्ट नाही" हे पूर्ण उत्तर आहे. मुलांना काहीतरी आकडा लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना सांगायला लागतं की नाही हे पण उत्तर असतं.

आता ते २ चा क्ष वा घात, वजा ५, हे करा. लेफ्ट २, राइट ३. उत्तर २.३२१९ असं काहीतरी. अंदाज काय होता, दोन आणि तीनच्या मध्ये, दोनच्या जवळ. जुळलं. २ चा २.३२ वा घात काढून बघा, ४.९९ येतो. क्ष³ − ३क्ष + १ पण द्या, याची तिन्ही उत्तरं हाताने काढणं या वयात जमत नाही: −१.८७९, ०.३४७, १.५३२. तीन वेळा झीरो, तीन वेगळे बाउंड, मुलांचा हात बसतो.

स्क्रीनवरचा आकडा वहीत उतरवताना

कधीकधी उत्तराच्या शेजारी य = −१ई−१२ असं दिसतं. मुलगी सरळ −१ लिहिते. ते खरं तर −१ गुणिले १० चा −१२ वा घात आहे, म्हणजे शून्यच, यंत्राच्या हिशोबातली बारीक धूळ. हे एकदा फळ्यावर दशांश चिन्हानंतर अकरा शून्यं मांडून दाखवा, पुन्हा कोणी चुकत नाही.

प्रश्नात बिंदू विचारलाय की नुसती किंमत, ते बघायचं. बिंदू असेल तर (३, ०). आयबीमध्ये नेमकं उत्तर नसेल तर तीन सार्थ अंक लागतात, एपीमध्ये (अमेरिकेतल्या हायस्कूलचे कॉलेज पातळीचे कोर्स) दशांशानंतर तीन स्थळं. म्हणजे क्ष³ − ३क्ष + १ चं पहिलं उत्तर आयबीत −१.८८ आणि एपीत −१.८७९. ज्या घरात एक भावंड पुण्यात आणि चुलत भावंडं न्यू जर्सीतल्या एडिसनला आहेत तिथे व्हिडिओ कॉलवर यावरून वाद झालेला मी ऐकलाय, दोघंही बरोबर होती.

कॅसिओ आणि डेस्मॉस

कॅसिओ एफएक्स-सीजी५० वर काम सोपं आहे. ग्राफ काढून शिफ्ट आणि एफ५ म्हणजे जी-सॉल्व्ह. त्यात एफ१ ला रूट, एफ४ ला वाय-इंटरसेप्ट. रूट दाबला की पहिलं उत्तर आपोआप येतं, उजवा बाण दाबला की पुढचं. बाउंड विचारत नाही. मुलांना हे आवडतं, मला थोडी काळजी वाटते, कारण तो फक्त विंडोच्या आतलंच शोधतो आणि बाहेर राहिलेल्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून कॅसिओवाल्यांना विंडोचा धडा दुप्पट द्या.

डेस्मॉस फुकट आहे, फोनवर चालतो, आणि डिजिटल एसएटीच्या (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) ॲपमध्ये तोच आतमध्ये दिलेला आहे, भारतात ही परीक्षा २०२३ पासून डिजिटल झाली. महागडा कॅल्क्युलेटर घेणं जमत नसेल तर शिकायला हा पूर्ण पुरतो. २क्ष + ३य = १२ जसंच्या तसं टाकता येतं, रेषेवर क्लिक केलं की अक्षांवर राखाडी ठिपके येतात, ठिपक्यावर क्लिक केलं की आकडे.

पण कंसाचा घोटाळा इथे जास्त लपतो. (क्ष − ३) भागिले (क्ष + २) घ्या. खरी उत्तरं: क्ष चा इंटरसेप्ट ३, य चा −१.५. टीआयवर कंस न घालता सरळ टाइप केलं तर तो त्याला क्ष − ३/क्ष + २ समजतो, क्ष चे इंटरसेप्ट −३ आणि १ येतात आणि य चा येतच नाही, शून्याने भागाकार. निदान संशय तरी येतो. डेस्मॉसवर तसंच टाइप केलं की भागाकाराच्या खाली क्ष + २ अख्खं जातं आणि वर फक्त ३ राहतं. आता क्ष चे पुन्हा −३ आणि १, चूक, पण य चा इंटरसेप्ट −१.५, अगदी बरोबर! मूल एक उत्तर पडताळतं, जुळतं, आणि पुढे जातं. म्हणून पडताळा प्रत्येक उत्तराचा घ्यायचा, मूळ छापील समीकरणात घालून, स्क्रीनवरच्या नाही. १ घातला तर −२/३ येतो, शून्य नाही, तिथल्या तिथे पकडलं जातं.

दुसऱ्या तासाला

जोड्या करा. एकाने समीकरण आणि एक विंडो ठरवायची, अशी की निदान एक इंटरसेप्ट बाहेर राहील. दुसऱ्याला फक्त स्क्रीन दाखवायची आणि समीकरण सांगायचं, त्याने कॅल्क्युलेटरला हात न लावता सांगायचं की काय राहिलंय आणि विंडो कुठे न्यावी. मग अदलाबदल. पहिल्या फेरीत मुलं वर्गसमीकरणं देतात, तिसऱ्या फेरीपर्यंत एकमेकांना अडकवायला त्रिघाती आणि साइन वगैरे काढतात.

साइन निघाला की मोड बघायला सांगा. य = २ साइन क्ष − १ डिग्री मोडमध्ये स्टँडर्ड विंडोवर टाकलं तर −१ जवळून जाणारी किंचित चढती, जवळजवळ सपाट रेघ दिसते, इंटरसेप्ट दिसतच नाही, कारण पहिला धन इंटरसेप्ट ३० अंशांवर आहे आणि विंडो १० ला संपते. रेडियनमध्ये तोच ०.५२४ ला येतो आणि त्या विंडोत अनेक वेळा अक्ष कापला जातो. माझ्याकडे एका मुलीने "हा साइन सरळ का झाला" म्हणून कॅल्क्युलेटर उलटासुलटा करून बघितला, मग मोड न बदलता विंडो −३६० ते ३६० केली, आणि लाटा आल्या. मोड बदलायला मी सांगणारच होते, तिने त्याआधीच दुसरी वाट काढली.